घरच्या कॉम्प्युटरवर गिट कशाला?

"घरी कोण कोड लिहितंय? तिथे गिट कशाला?" गंमत म्हणजे हा प्रश्न आपल्या फील्डमधलेच लोक जास्त विचारतात. माझं मत बरोबर उलटं आहे. ऑफिसातल्या कोडची काळजी घ्यायला टीम असते, रिव्ह्यू असतो, सर्व्हर असतो. आजोबांच्या आठवणी, गावाचा इतिहास, घराण्याची वंशावळ ह्या फाइल्सना वाली कोण? खरी गरज तिथे आहे.

आपल्या नगर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मग नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या. कुणाचा हात चुकला, कुणी न कळलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा घातला, कुणी पदरची ओवी जोडली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी हा ग्रंथ शुद्ध केला आणि 'ह्यात कुणी आपली ओवी मिसळू नये' असं बजावूनही ठेवलं. आपल्या भाषेत सांगायचं तर भलामोठा मर्ज, आणि वर ब्रँचला कुलूप!

काम अफाट. पण कोणता शब्द कुठल्या पोथीतून घेतला, कोणता का गाळला, ह्याचा लॉग काही सोबत आला नाही. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्या मते एकनाथपूर्व असलेली पोथी छापली, आणि मूळ पाठ कोणता ह्याची चर्चा अभ्यासक अजून करतात. दोष नाथांचा नाही. हाताने लिहिलेल्या पोथीत लॉग ठेवायची सोय कुठे होती? आपल्याकडे ती आहे, आणि फुकट आहे.

२००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं. त्यातला प्रत्येक कमिट सांगतो की काय बदललं, कुणी, केव्हा आणि (लिहिणारा शहाणा असेल तर) का. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचा हॅश असतो. जुन्या कमिटला हात लावलात की तिथून पुढचे सगळे हॅश बदलतात. मधेच घुसवलेली ओवी लपत नाही ती अशी.

बसवायला दहा मिनिटं लागतात. विंडोज असेल तर 'गिट फॉर विंडोज' उतरवून घ्या, उबुंटूवर ॲप्टने येतं. इन्स्टॉलर ढीगभर प्रश्न विचारतो, बहुतेक ठिकाणी नुसतं नेक्स्ट करा. एडिटर विचारेल तेव्हा मात्र विम सोडून नोटपॅड निवडा, नाहीतर घरचे पहिल्याच दिवशी अडकतील. मग 'गिट कॉन्फिग'ने नाव आणि ईमेल द्या, फोल्डरमध्ये 'गिट इनिट' करा. झालं.

आता खास मराठी माणसासाठी. फाइलचं नाव देवनागरीत असेल तर 'गिट स्टेटस' त्या जागी उलट्या रेघा आणि आकडे दाखवतं. 'कोअर डॉट कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' करा, नाव नीट दिसेल. वर्डच्या फाइल्स गिट ठेवतं, पण त्यांचा डिफ माणसाला वाचता येत नाही. म्हणून साधी टेक्स्ट फाइल, यूटीएफ-८ मध्ये. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असेल तर आधी आहे तसा कमिट करा, मग युनिकोडमध्ये बदलून दुसरा कमिट. आणि प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर लिहा, कारण डिफ ओळीओळीने चालतो.

कुणी म्हणेल, गूगल डॉक्सही जुन्या आवृत्त्या दाखवतंच की! दाखवतं, आणि काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण बदल 'का' केला हे ते विचारत नाही, आणि मला मोल आहे ते त्या 'का'चं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. समजा, उत्साहाच्या भरात कुणी आजोबांच्या आठवणींवर एकदा फाइंड-रिप्लेस फिरवलं. १९५८ च्या शाळेच्या दाखल्यावरही नवं नाव येईल, आणि वीस वर्षांनी वाचणाऱ्या नातवाला दाखल्यावर खरंच काय लिहिलं होतं ते कळणारच नाही. नाव कोणतं वापरायचं ह्यावर घरात खुशाल वाद घाला. जुना मजकूर जिवंत राहिला पाहिजे, एवढंच. आणि कमिटवर 'बदल केले' असं लिहू नका हो! 'दाखल्यांमधली नावं मुळाप्रमाणे, बाकी ठिकाणी नवी' असं लिहा.

एक इशारा. गिट म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली तर इतिहासासकट सगळं जातं. तेव्हा दुसऱ्या एखाद्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी, रिपॉझिटरीची प्रत ठेवा.

पोथ्या टिकल्या त्या घरोघरी नकला होत्या म्हणून. आपण नकलांबरोबर त्यांची कारणंही ठेवू शकतो. ह्या वीकेंडला तेवढं करून टाका.