अकरावीचं कॉलेज निवडताना मैदानही बघा

दहावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरच्या आपल्या छावणीत घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. टक्के किती पडले, नंबर कुठे लागेल, क्लास कोणता लावायचा? घरात चांगला खेळणारा पोरगा किंवा पोरगी असली तरी खेळाचं नाव या हिशेबात निघत नाही. ‘दोन वर्षं खेळ बंद, बारावी झाली की बघू’ असं ठरतं आणि विषय मिटतो. पालकहो, खेळाडूचं खरं नुकसान होतं ते इथेच.

शालेय क्रीडा स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. शेवटचा गट मुख्यतः अकरावी-बारावीच्या मुलांचा. या स्पर्धांची प्रवेशिका कॉलेजमार्फत जाते. पोरगं कितीही जोरात पळत असलं तरी कॉलेजने नाव पाठवलं नाही तर ते घरी बसतं. हल्ली क्लासशी जोडलेल्या कॉलेजांत नुसता नावाला प्रवेश घ्यायची पद्धत पडली आहे. अशा ठिकाणी अनेकदा मैदान नसतं, क्रीडा शिक्षक नसतो, मग प्रवेशिका भरणार कोण? दोन वर्षं कोरी जातात. पुढे पदवीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तेव्हा दोन वर्षं खेळात राहिलेली मुलं पुढे निघून गेलेली असतात.

अमेरिकेत कॉलेजचे कोच शाळकरी खेळाडू हेरत फिरतात आणि शिष्यवृत्ती देऊन नेतात. उंच उडीतला दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून खेळला आणि 2018 व 2022 मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेत पहिला आला. आपल्याकडे कोच दारात येईल या आशेवर राहू नका. आपणच कॉलेजच्या दारात जायचं.

तेव्हा अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि पोराला घेऊन कॉलेजच्या मैदानावर जा. तिथे कुणी सराव करतंय की नुसत्या मोटारसायकली लावल्या आहेत, ते डोळ्यांनी बघा. मग क्रीडा शिक्षकांना गाठा आणि सरळ विचारा: सर, गेल्या वर्षी कोणकोणते संघ पाठवले? कुठपर्यंत गेले? येण्याजाण्याचा आणि किटचा खर्च कोण करतं? स्पर्धा आणि प्रॅक्टिकल एकाच दिवशी आले तर काय करता? मुलगी असेल तर बाहेरगावी संघाबरोबर मॅडम जातात का, हेही विचारा. यात संकोच कसला?

अंतराचाही विचार करा. कॉलेजांचा नागसेनवन परिसर छावणीला लागूनच आहे, आणि विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचं, म्हणजे ‘साई’चं केंद्र आहे. तिथल्या निवड चाचण्यांची चौकशी करून ठेवा. गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. कॉलेज, क्लास आणि सराव तीन दिशांना असले तर आधी सुटतो तो सराव.

कागदपत्रांकडे फार दुर्लक्ष होतं. प्रमाणपत्र हातात पडताच तिथल्या तिथे वाचा. दाखल्यावर ‘शेख’ आणि प्रमाणपत्रावर नुसतं ‘शे.’, जन्मतारखेत एका आकड्याचा फरक, शिक्का आहे पण सही नाही, असल्या चुका त्याच आठवड्यात दुरुस्त होतात. चार वर्षांनी चकरा मारून चपला झिजतात. दहावी-बारावीला खेळाचे जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत किंवा कॉलेजमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. अकरावी प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत त्यांना 5 टक्के आरक्षण आहे. पण कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं, ते ऐकीव माहितीवर न ठरवता माहितीपुस्तिकेत आणि शासन निर्णयात बघा. नोकरीच्या वेळी प्रमाणपत्राची पडताळणी होते. ‘पैसे द्या, राज्यस्तराचं सर्टिफिकेट मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवा. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीस आली आहेत. परदेशी शिष्यवृत्तीच्या नावाने आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासूनही जपून राहा. तिथल्या कोचला आपली कामगिरी आणि व्हिडिओ ईमेलने पाठवायला कुणा एजंटची गरज लागत नाही.

खेळावर पोट भरणारे थोडेच निघतील, हे खरं आहे. म्हणून अभ्यास सोडा असं कुणी म्हणत नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, तिथे धावपटू म्हणून घडला आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावला. छावणीतली कितीतरी मुलं भरतीची तयारी करतात. त्यांनी तर खेळ सोडायचं काहीच कारण नाही.

शाळांमधल्या क्रीडा शिक्षकांनाही हात जोडून विनंती आहे. दहावीचा खेळाडू दाखला न्यायला येईल तेव्हा कोणत्या कॉलेजात कोणत्या सरांना भेटायचं ते त्याला सांगा, आणि त्याच्यासमोरच त्या सरांना एक फोन लावा. ओळख नसल्यामुळे आपली बरीच पोरं मागे राहतात. ती ओळख तुम्ही करून देऊ शकता.