समुपदेशकाला समाजकल्याणचा रस्ता माहीत हवा

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात सांगितले. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी कसे वागावे, याचे प्रशिक्षण शिक्षक-कर्मचाऱ्यांनाही द्यायचे आहे. आम्हाला हीच ओळ जास्त महत्त्वाची वाटते. हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली होती, वसतिगृहही सुटले होते. त्याला ‘ताण हाताळायला’ शिकवून काय साधले असते?

आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा शिष्यवृत्तीचा हप्ता अडलेला असतो, जात पडताळणी रखडलेली असते. कॉलेज त्यावर प्राणायामाची कार्यशाळा घेते! घरातली पहिली पदवीधर मुलगी ‘नेट-सेट करू की नोकरी धरू?’ विचारते, तेव्हा ती करिअरबद्दल आणि घरावरच्या कर्जाबद्दल एकाच वेळी बोलत असते. हे ज्याला कळत नाही, त्याचा सल्ला तिच्या काय कामाचा?

तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण, शिक्षण काय, कोणत्या वारी बसतात, हे लेखी विचारा. सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.