सही करण्याआधी सड्यावर जाऊन या

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या भावाबहिणींनो,

आरती-भजन आटोपलं की यंदाही पडवीत कुणीतरी विषय काढेलच, "सड्यावरचा तुकडा नुसता पडून आहे, गिऱ्हाईक आलंय." सातबाऱ्यावर तो पोटखराबा. त्यामुळे आकडा ऐकला की फुकटचे पैसे मिळाल्यासारखं वाटतं. सड्याखालच्या वाडीत राहणाऱ्या आम्हा गाववाल्यांची कळकळीची विनंती आहे: सही करण्याआधी एकदा स्वतः वर जाऊन या.

रत्नागिरी-राजापूरकडे खाली समुद्र, उतारावर माड-पोफळी आणि घरं, माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा. पर्यटक किनाऱ्याचे फोटो काढून परततात, आणि खरं सांगायचं तर मुंबईत गावाच्या गप्पा मारताना आपणही सडा वगळतोच. भाद्रपदात तो फुललेला असतो. पांढरे गेंद, जांभळी सीतेची आसवं, पिवळा कवला. सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणी पुढे आपल्याच विहिरींना येतं.

आणि कातळशिल्पं! कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या आकृतीत कितीतरी प्राणी आणि मासे. कोकणात आज गेंडा कुठे आहे? कातळावर मात्र तो आहे. कुणी कोरला, कशासाठी, याचा उलगडा अजून झालेला नाही. शोध घेणाऱ्यांनी तर वर्षानुवर्षं एकेक सडा पायी पालथा घातला. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचं गोठणं, देवीहसोळ, रुंढे तळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीत नाव आलं म्हणून जेसीबी थांबत नाही. शिवाय अनेक शिल्पं खाजगी जमिनीत आहेत, म्हणजे तुमच्याआमच्या.

सड्याचा जांभा कापून काढलेल्या चिऱ्याशी आमचं वैर नाही, आमची घरं चिऱ्याचीच आहेत. पण चिरेखाण नेमकी कुठे पडणार, हे दलालाने ठरवायचं की आपण? कातळावरची रेघ एकदा कापली गेली की पुन्हा कोरता येत नाही.

म्हणून जमिनीचा व्यवहार ठरत असेल तर थांबवा. गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबत घेऊन तुकडा पायाखाली घाला. कातळावरच्या खुणा त्यांना ठाऊक असतात. कोरीव रेषा दिसल्या तर ग्रामपंचायतीला आणि रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला लेखी कळवा. फोटो उठून दिसावा म्हणून रेषांत खडू-रंग भरू नका, गाडी सड्यावर चढवू नका.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्या सड्यावरच्या शिल्पांची नोंद व्हावी, असा ठराव मांडा. तोवर सुट्टी संपत असेल, तर परतण्याआधी घरातल्या कुणाला तरी तो मांडायला सांगा. आणि तोपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका.