गोळी सकाळची, पण सकाळ कुणाची?

'सकाळी नाश्त्यानंतर एक' असं चिठ्ठीवर खरडून देणाऱ्या समस्त डॉक्टरांना मला एक प्रश्न विचारायचा आहे. बाई नाश्ता कधी करते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका नावाचा आजार आहे. नाव घेताना जीभ अडखळते. मराठीत त्याला नावच नाही, म्हणून आपण बायका 'अंग धरलंय', 'आखडलंय' म्हणतो आणि कामाला लागतो. दोन्ही खांदे, मान, दोन्ही खुबे आणि मांड्या पहाटे अशा ताठतात की कुशीवर वळायला पलंगाची कड धरावी लागते. हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, ब्लाऊजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येतं. तास-दोन तासांनी अंग थोडं सुटतं, आणि तोवर डबे भरून झालेले असतात, त्यामुळे घरात कुणाला काही दिसतच नाही. हा आजार पन्नाशीनंतर होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. उत्तर युरोपात तो पुष्कळ आढळतो, आपल्याकडे कमी नोंदला जातो. पण नोंद कमी म्हणजे आजार कमी, असं मी तरी धरून चालणार नाही. न्हाणीघरात रडणाऱ्या बाईची नोंद कोण करतं?

मी तीन डॉक्टरांकडे गेले. पहिल्यांनी 'वय झालं, वजन कमी करा' सांगितलं. दुसऱ्यांनी माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांना विचारलं, "यांना किती दिवस त्रास आहे?" खांदे माझे, जीभही शाबूत, पण उत्तर नवऱ्याने द्यायचं! तिसऱ्यांनी रक्त तपासलं. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. दोन्ही वाढलेले. आजाराचं नाव कळलं आणि रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं. पंधरा दिवसांत काहीच फरक पडेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की हे मनाचं दुखणं असावं.

इथे मला संताप येतो तो या गोष्टीचा. युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी 2015 साली या आजाराच्या उपचारासाठी एकत्र शिफारशी काढल्या. त्यांत म्हटलं आहे की सुरुवात दिवसाला 12.5 ते 25 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनने करावी, साडेसात किंवा त्याहून कमी डोसने सहसा करू नये आणि तीसच्या वर तर जाऊच नये. मधुमेह, ठिसूळ हाडं किंवा काचबिंदू असेल तर या पट्ट्यात खालच्या बाजूला राहावं. म्हणजे डोस अपुरा होता. पण खोट कुणात काढली? माझ्या मनात!

पुढे शहरातल्या एका तज्ज्ञ बाईंनी 15 मिलिग्रॅम दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः वेणी घातली. एवढं नाट्यमय या आजारात खरोखर घडतं. पण लगेच दुसरी चूक झाली. त्या परगावी गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांत 15 वरून 10, 5 आणि 'कोर्स संपला' असं केलं. महिन्याभरात पुन्हा पलंगाची कड.

हे औषध अँटिबायोटिकसारखं 'कोर्स' करून संपवायचं नसतं. चार ते आठ आठवड्यांत 10 मिलिग्रॅमवर यायचं आणि तिथून पुढे साधारण दर महिन्याला एकेक मिलिग्रॅम उतरायचं. आता बोटांवर मोजा: दहापासून शून्यापर्यंत दहा महिने आणि आधीचे दोन. वर्ष सहज जातं, पुष्कळ जणींना दोन-तीन वर्षंही लागतात. उतरताना दुखणं उलटलं, तर ज्या डोसवर बरं होतं तिथे परत चढायचं आणि चार ते आठ आठवड्यांत जिथे उलटलं त्या पायरीपर्यंत हळूहळू यायचं. आमच्या गल्लीतल्या दुकानात एक मिलिग्रॅमची गोळी मिळत नाही. मग एक दिवस 10, दुसऱ्या दिवशी साडेसात, असं आलटून पालटून घेऊन सव्वा मिलिग्रॅमने उतरता येतं. ही युक्ती त्या शिफारशींतच आहे. मला ती सांगायला दीड वर्षात कुणाला वेळ झाला नाही. आणि औषध बदलून मिळालं तर आकडा तसाच धरू नका: 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे 4 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा 6 मिलिग्रॅम डेफ्लाझाकोर्ट.

घरच्यांचं निराळंच. 'स्टिरॉइड म्हणजे विष' हे आमच्या दिरांनी पाहताक्षणी जाहीर केलं आणि मीही भिऊन चार दिवस गोळ्या चुकवल्या. तो मूर्खपणा होता. काही आठवडे हे औषध घेतलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. एकदम बंद केलं तर रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकतं. गंमत अशी की हेच दीर गुडघ्यांसाठी बाजारातल्या एका 'वैद्या'च्या पुड्या बिनदिक्कत खातात. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, तेही किती ते कुणाला माहीत नसताना.

आता वेळेकडे येते. गोळी सकाळीच एकदम का? आपलं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल पहाटे सर्वांत जास्त बनवतं आणि मध्यरात्री सर्वांत कमी. सकाळी गोळी घेतली की ती त्या चालीला धरून जाते, ग्रंथी कमी दबतात, रात्रीची झोप टिकते. डोस दिवसात विभागून घेऊ नये असंच सांगतात. अपवाद डोस पाचच्या खाली आल्यावर रात्रीच्या दुखण्याने हैराण होणारीचा. शास्त्र असं स्वच्छ आहे. पण माझी सकाळ? पाचला उठायचं, पाणी भरायचं, दोन डबे करायचे, नातवाची शाळेची तयारी, ह्यांचा चहा, देवपूजा. पोटात पहिला घास साडेअकराला. 'उपाशीपोटी घेऊ नका' हे पक्कं डोक्यात, म्हणून गोळी बाराला. त्यात चतुर्थी, सोमवार, नवरात्र.

मी शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले: जाग कधी आली, अंग कधी सुटलं, वेणी घालता आली का, काय आणि किती वाजता खाल्लं, गोळी किती वाजता, झोप कशी. महिन्याने वहीच बोलली. गोळी बाराला घेतली त्या रात्री डोळा लागत नव्हता आणि दुसऱ्या दिवशीचा ताठा नऊ-साडेनऊपर्यंत राहत होता. साडेसहाला घेतली की आठला मी मोकळी! डोस तोच, डॉक्टर तेच. बदललं होतं ते घरातलं जेवणाचं पान. मग मी जाहीर केलं की घरात पहिला घास मी खाणार. दोन दिवस सगळे गप्प होते. तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "आई, डबे मी बघते, तुम्ही बसा." यात मला आनंद झाला नाही, कारण माझं ओझं तिच्या खांद्यावर गेलं. तिचे खांदे आज पस्तिशीचे आहेत एवढंच. भांडण परत काढलं. हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पोहे करायला शिकले. खारट होतात, पण साडेसहाला होतात.

या आजाराला शिक्कामोर्तब करणारी एकही तपासणी नाही. ई.एस.आर. तर दहा कारणांनी वाढतो. डोस पुरतो की नाही हे शेवटी कळतं ते बाईने सांगितल्यावरच. स्टिरॉइड हे औषध तरी कसं सापडलं? अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांनी पाहिलं होतं की कावीळ झाली की किंवा बाई गरोदर राहिली की संधिवात ओसरतो. रोग्यांचा हा अनुभव त्यांनी हसण्यावारी नेला नाही, वर्षानुवर्षं त्याचा माग काढला. 1948 साली ते औषध संधिवातावर पहिल्यांदा टोचलं गेलं ते एका 29 वर्षांच्या बाईला. 1950 चं नोबेल हेंच यांना आणि त्यांच्याबरोबर केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. त्या बाईला कागदोपत्री 'मिसेस जी' म्हटलं गेलं!

तेव्हा वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडून ठेवा. मनाने डोस बदलू नका, पण कमी-जास्त का करताय ते विचारल्याशिवाय उठू नका. पहिल्या वर्षी दर चार ते आठ आठवड्यांनी तपासणी आणि दुखणं उलटल्यास मधेच सल्ला मिळण्याची सोय, हेही त्या शिफारशींत आहे. साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून मागा. हाडांसाठी कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व मागा, गरज असेल तर हाडांचं वेगळं औषधही. आणि घरातलं दूध मुलग्याच्या पेल्यात संपत असेल तर त्याचाही हिशेब मागा.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. या आजाराबरोबर काही जणींना कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येते. नव्याने डोकं ठणकतं, केस विंचरताना टाळू दुखते, चावताना जबडा भरून येतो, क्षणभर अंधारी येते किंवा एकाचे दोन दिसतात. तेव्हा डोस पंधराचा नसतो, चाळीस ते साठचा असतो, आणि तो त्याच दिवशी पोटात गेला नाही तर डोळा कायमचा जाऊ शकतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही, नाश्त्याची नाही, आणि घरात कुणी पुरुष माणूस येण्याचीही नाही. रिक्षा करून थेट मोठं इस्पितळ गाठायचं.