'तुघलकी' निर्णय आणि दौलताबादेत राहून गेलेली माणसे

१/
अविचारी निर्णयाला मराठीत आजही 'तुघलकी' म्हणतात. १३२७ मध्ये महंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद म्हणून राजधानीचा मान दिला आणि काही वर्षांनी लोकांना दिल्लीस परतण्याची मुभा दिली. प्रचलित कथा येथे संपते. दख्खनची कथा येथून सुरू होते.

२/
दिल्ली पूर्ण ओस पडल्याचे चित्र इब्न बतूताने रंगवले. पण तो दिल्लीत पोहोचला १३३४ मध्ये. त्याची माहिती ऐकीव होती. दिल्लीजवळच्या सरबन येथील १३२८ चा संस्कृत शिलालेख व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याची नोंद करतो. हलवले गेले ते प्रामुख्याने अमीर, उलेमा, सुफी आणि त्यांची कुटुंबे. यादवांचे राज्य बुडून जेमतेम दशक लोटले होते. जिंकलेल्या मुलखात सत्ता रुजवण्यासाठी वसवलेली ती वसाहत होती.

३/
म्हणून यातना खोट्या ठरत नाहीत. कवी इसामी तेव्हा किशोरवयीन होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्ली सोडताच तिलपत येथे, पहिल्याच मुक्कामावर वारले.

४/
१२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले, तेव्हा परागंदा बायझंटाइन सरदारांनी निकिया येथे राज्य उभारले. त्यांच्या वारसांनी १२६१ मध्ये राजधानी परत घेतली. निर्वासितांच्या इतिहासात अशा पुनरागमनाचेच गोडवे गायले जातात.

५/
दौलताबादेत उलटे घडले. अनेक जण परतलेच नाहीत. सुफी बुरहानुद्दीन गरीब १३३७ मध्ये येथेच निवर्तले. त्यांची कबर खुलदाबादेत आहे. दख्खनेतील अमीरांनी दौलताबादेतच तुघलकाविरुद्ध बंड केले आणि त्यातून १३४७ मध्ये बहमनी राज्य जन्मले. उत्तरेची बोली येथे रुळून दखनी झाली. इसामीने १३५० मध्ये आपला इतिहासग्रंथ पूर्ण केला, तो पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने.

६/
तेव्हा १३२७ ला केवळ 'फसलेला प्रयोग' म्हणणे म्हणजे इतिहास राजाच्या नजरेने वाचणे होय. सुलतानाचा हेतू फसला; पण त्याने आणलेल्या माणसांनी येथे घरे केली आणि त्याच्याच सत्तेला दख्खनेतून हुसकावले. त्या वसाहतीची किंमत इसामीच्या आजोबांसारख्यांनी मोजली, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे. संभाजीनगरहून देवगिरीचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी पुढे खुलदाबादपर्यंत जावे. सुलतानाची राजधानी गेली, तरी येथे राहिलेल्यांच्या कबरी तेथे आहेत.