रक्त ‘शुद्ध’ करण्याआधी रक्त तपासा

एक रील जरा थांबून बघितली की पुढचे चार दिवस फीडवर तेच येत राहतं. बीट, गाजर, आवळा, लौकी मिक्सरमधून फिरवा, गाळा, दिवसातून पाच-सहा ग्लास प्या. जेवण बंद. तीन दिवसांत पोट आत, चेहरा उजळ आणि रक्त शुद्ध! याला म्हणायचं ज्यूस क्लीन्झ, नाहीतर डिटॉक्स.

पूर्वी ‘मुंबई-पुण्याचं फॅड’ म्हणून हे सोडून देता यायचं. आता मोबाईल धानोऱ्यातही प्रत्येकाच्या हातात आहे. बीट-गाजर बाजारात मिळतं आणि लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा वेल तर सांदवाडीतल्या मांडवावरच असतो. खर्च जवळपास शून्य. कुणाला पोलीस भरतीच्या ग्राउंडआधी वजन उतरवायचं असतं, कुणाला बहिणीच्या लग्नात बारीक दिसायचं असतं. घरच्या घरी केलेला रस, त्यात बिघडणार काय, असं वाटणं साहजिक आहे. तेच जरा तपासून बघू.

तीन दिवसांत नेमकं होतं काय?

पहिली गोष्ट, वजन खरंच कमी होतं. काटा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. जेवण तुटलं की हा साठा वापरला जातो आणि सोबतचं पाणीही निघून जातं. उतरलेल्या वजनात मोठा वाटा या पाण्याचा असतो. चौथ्या दिवशी भात-वरण सुरू केलं की ते परत येतं.

दुसरी गोष्ट, ‘टॉक्सिन’. कोणतं टॉक्सिन, किती, ते रसाने कुठून बाहेर पडतं? रीलमध्ये हे कधीच सांगत नाहीत. ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये ‘डिटॉक्स’ नावाने माल विकणाऱ्या कंपन्यांना नेमकं हेच विचारलं होतं. कोणत्याही दोन कंपन्यांनी या शब्दाचा सारखा अर्थ सांगितला नाही. शरीराची सफाई रोज चालूच असते. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. औषधं, दारू यांचा निचरा यकृत करतं. त्यासाठी त्यांना उपाशी ठेवावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, हलकं का वाटतं? कारण तीन दिवस समोसा, कुरकुरे आणि चहाचे सात कप बंद असतात. ते जेवून-खाऊनही बंद करता येतं.

आणि गाळणीत जे उरतं, तो चोथा फेकू नका. पोट साफ ठेवतो तोच. चोथा गेला की ग्लासात उरते मुख्यतः साखर आणि पाणी. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. पाकीटबंद रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाका, असा आदेश आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफएसएसएआय’ने जून २०२४ मध्ये कंपन्यांना दिला.

बीट लाल आहे, म्हणून रक्त वाढत नाही

‘रक्त शुद्ध’ हा शब्द आपल्याकडे पटकन पटतो. पण आपल्या भागातला प्रश्न रक्त अशुद्ध असण्याचा नाही, कमी असण्याचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे दोघींपैकी एकीला. याच सर्वेक्षणात राज्यातल्या २३.४ टक्के महिलांचं वजन जास्त निघालं आणि २०.८ टक्के महिलांचं गरजेपेक्षा कमी. रील बनते ती बहुतेक पहिल्या गटासाठी. बघणारी मात्र दुसऱ्या गटातलीही असते. हिमोग्लोबिन नऊवर असलेली मुलगी ‘डिटॉक्स’ म्हणून तीन दिवस जेवण सोडते, तेव्हा ती सफाई नसते. आधीच रिकाम्या असलेल्या डब्यातून आणखी काढणं असतं.

बीटचंच बघा. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार तरुण मुलीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला १९. शंभर ग्रॅम बीटमध्ये ते एक मिलिग्रॅमही नसतं. बीटचा लाल रंग वेगळ्याच रंगद्रव्याचा आहे, त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध नाही. त्यापेक्षा पालेभाजी, डाळ, मोड आलेलं कडधान्य, फुटाणे, जमत असेल तर मटण-मासे खा. सोबत आवळा किंवा लिंबू घ्या, त्याने अन्नातलं लोह शरीरात नीट मुरतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

सिकलसेलचं काय?

गडचिरोली-चंद्रपूरमध्ये हा प्रश्न टाळून आहारावर बोलताच येत नाही. सिकलसेल असलेल्यांच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं-सांधे असह्य दुखतात. शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम, ताप, थंडी ही त्या वेदनांची नेहमीची कारणं आहेत. जेवण बंद, जुलाब होतील असा रस आणि पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर धाव हे मिश्रण अशा मुलासाठी सरळ धोक्याचं आहे. जे फक्त वाहक आहेत त्यांना एरवी त्रास होत नाही. पण कडक उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना जिवाच्या आकांताने धावणं त्यांनाही महागात पडू शकतं.

आणि आपण वाहक आहोत की नाही, हे तपासणीशिवाय कळत नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं लक्ष्य ठेवलंय, ते याचसाठी.

लौकी कडू लागली तर थुंका

‘घरचं आहे, नैसर्गिक आहे’ हा भरवसा सगळ्यात महाग पडतो तो इथे. लौकी, काकडी या वेलींच्या फळांत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. २०१० मध्ये दिल्लीत लौकी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने अशा प्रकरणांचा अभ्यास केला. जून २०१८ मध्ये पुण्यात एका ४१ वर्षांच्या महिलेने सकाळी धावून आल्यावर लौकीचा रस घेतला. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि काही दिवसांत ती गेली.

या विषावर उतारा नाही. समितीचा सल्ला साधा आहे. रस काढण्याआधी एक तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खं फळ फेका. दुसऱ्या रसात मिसळू नका, कारण कारलं-आवळ्यात ती कडू चव लपते. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब सुरू झाले तर घरी वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. लौकी चिरताना आपल्या आज्या आधी तुकडा चाखतात, ते उगाच नाही. ‘जितकं कडू तितकं औषधी’ ही म्हण मात्र इथे जीव घेऊ शकते.

तीन दिवस द्यायचेच आहेत ना?

मग हे तीन दिवस असे द्या.

पहिला दिवस तपासणीचा. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासून घ्या. रक्त कमी निघालं तर गोळ्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. सिकलसेल असेल तर लोहाची गोळी मनाने घेऊ नका.

दुसरा दिवस खर्ऱ्याचा. ‘टॉक्सिन’ शोधायला फार लांब जायला नको, ते खिशातल्या पन्नीत घोटलेलं असतं. तंबाखू आणि सुपारीने तोंड उघडेनासं होतं, पुढे कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. गालात खर्रा आणि हातात बीटचा रस, याला डिटॉक्स कसं म्हणायचं? एकट्याने सुटत नसेल तर मदत जवळच आहे. आपल्याच तालुक्यात चातगावजवळ ‘सर्च’चं शोधग्राम आहे. जिल्ह्यात दारू-तंबाखूविरोधात ‘मुक्तिपथ’चं काम २०१६ पासून चालू आहे.

तिसरा दिवस ताटाचा. भात, डाळ, शेवग्याची किंवा तरोट्याची भाजी, जवसाची चटणी, अंडं, एक फळ चोथ्यासकट आणि भरपूर पाणी. रस आवडतो? प्या की एक ग्लास, पण जेवणासोबत, जेवणाऐवजी नाही.

या तीन दिवसांची रील कदाचित चालणार नाही. पण चौथ्या दिवशी तुमच्या हातात तुमच्या रक्ताचा रिपोर्ट असेल. तो मैत्रिणीला दाखवा आणि तिलाही तपासायला घेऊन जा.