विश्लेषण : मेट्रो भुयारात, मग पावसाच्या धोक्याची चर्चा आरेच्या जमिनीवर का?

आरे ते कफ परेड ‘मेट्रो ३’ ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो. लांबी ३३.५ किलोमीटर, स्थानके २७. यांपैकी फक्त आरे स्थानक जमिनीवर आहे, उरलेली २६ भुयारात. पावसाचे स्वरूप बदलत असताना ही मार्गिका कितपत सुरक्षित आहे?

अत्रे चौकात काय झाले होते?

२६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस मुंबईत विक्रमी लवकर दाखल झाला. त्याच दिवशी वरळीतील आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. स्थानक सुरू होऊन जेमतेम १५ दिवस झाले होते. काम सुरू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवणारी भिंत कोसळली, असे ‘एमएमआरसी’ने सांगितले. पावसाळ्याची तयारी जूनच्या हिशेबाने केली जाते, पाऊस मात्र मे महिन्यातच आला.

गणित कुठे चुकते?

शहरातील जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेल्या, तेही ओहोटी असेल तर. ही क्षमता ५० मिमी करा, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने १९९३ मध्ये सुचवले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. म्हणजे दिवसभराची सरासरीच ताशी ३९ मिमी. चीनमधील झेंगझोऊ शहरात २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिमी पाऊस कोसळला आणि भुयारी मेट्रोत १४ प्रवाशांचा जीव गेला.

यात आरेचा संबंध काय?

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी आरेला लागून वाहते. पुढे बीकेसी-धारावी दरम्यान हीच मेट्रो मिठीच्या पात्राखालून जाते. कारशेडही मिठीच्या काठाजवळच आहे. २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला आणि २०२२ मध्ये ती पुन्हा आरेत आली. या वादात झाडांची संख्या गाजली, जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचा मुद्दा मागे पडला.

साधा हिशेब पाहा. एक हेक्टर जमिनीवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. माती आणि झाडोरा असेल तर त्यातले बरेच पाणी मुरते किंवा रेंगाळते. काँक्रीट असेल तर जवळपास सगळे नाल्यात आणि तिथून मिठीत जाते. ते कुर्ल्यात पोहोचते तेव्हा समुद्राला भरती असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

पुढे काय करावे लागेल?

मेट्रोमुळे रस्त्यावरच्या गाड्या आणि धूर कमी होतो, त्यामुळे ती हवीच. पण प्रवेशद्वारांची उंची, पूररोधक दरवाजे, पंपांसाठी पर्यायी वीज आणि किती पावसाला गाड्या थांबवायच्या याचा ठरलेला नियम, ही कामे मे महिन्याआधी पूर्ण व्हायला हवीत. आरेत उरलेली मोकळी जमीनही याच यादीत धरावी लागेल. तिथे मुरलेले पाणी पुढे पंपाने उपसावे लागत नाही.